पालखी फलटणला, मी गिरगावात

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी तरडगावहून निघून फलटणला मुक्कामाला येते, तो दिवस आमच्या घरात दिवाळीहून मोठा. आमच्या अंगणात एक दिंडी जेवायला बसते, ती माझ्या आजेसासूबाईंच्या काळापासून. पिठलं, भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि पंगत उठली की पाय चोळायला कोमट तेल. त्या दिवशी दारात येईल तो माऊली. नाव, गाव, जात कोणी विचारत नाही, आणि म्हातारे वारकरी माझ्यासारखीच्याही पाया पडतात.

यंदा नेमका त्याच आठवड्यात गिरगावातल्या आत्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा नंबर लागला. आत्याला मूलबाळ नाही, काका जाऊन बरीच वर्षं झाली. तारीख सोडली असती तर पुन्हा थांबणं आलं, आणि तिला तर गॅसची ज्योतही धड दिसेनाशी झाली होती. मी परात, तवे आणि पिठाचे डबे सूनबाईच्या स्वाधीन केले आणि निघाले. मन मात्र अंगणातच राहिलं होतं. वर्षातून एकदा देव घरी जेवायला येतो आणि मी तेव्हाच घरात नाही, ही रुखरुख पुण्यापर्यंत सुटली नाही.

गुरुवार

फलटण ते पुणे एसटी (बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमच्याकडच्या बायका उठसूट माहेरी जाऊ शकतात, ही फार चांगली गोष्ट झाली), रात्री नणंदेकडे मुक्काम आणि सकाळी डेक्कन क्वीन. खंडाळ्याच्या घाटात ढग खिडकीला टेकले होते. कड्यांवरून पाणी सुटलं होतं आणि अख्खा डबा माना वळवून बघत होता. माझ्या शेजारी एक पासवाले गृहस्थ होते, रोजचा प्रवास त्यांचा. त्यांनीही पेपर घडी करून मांडीवर ठेवला आणि बोगदा येईपर्यंत उचलला नाही. मी विचारलं, "रोज बघता, तरी?" ते म्हणाले, "रोजचं कुठे? आजचं आजच."

सीएसएमटीहून टॅक्सीने गिरगाव. पाऊस असा की टॅक्सीवाल्याने काच पुसायला स्वतःचा रुमाल काढला. आत्याची चाळ तीन मजल्यांची, लाकडी जिना, लांबलचक गॅलरी, दारापुढे तेलाच्या डब्यात लावलेली तुळस. आत्या दारातच उभी होती. मी जवळ जाईपर्यंत तिने मला ओळखलं नाही. मग चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आलीस! वाळलीस गं."

संध्याकाळी शेजारच्या गुजराती बेन झाकलेलं ताट घेऊन आल्या. खिचडी, कढी, तळलेली मिरची. मला वाटलं, पाहुणी आली म्हणून. नंतर कळलं की आत्याचा हात भाजल्यापासून रात्रीचं जेवण रोज त्यांच्याकडूनच येतं. आत्याने विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी ताट आलं, आणि मग येतच राहिलं.

ताट धुऊन परत द्यायची वेळ आली तेव्हा आत्या कपाटापाशी गेली. बोटांनी चाचपत डबा शोधला, झाकण उघडलं, गुळाचा खडा काढला आणि ताटात ठेवला. "रिकामं जात नाही आपल्याकडून," म्हणाली. दिसत नसताना तिने रोज काही ना काही शोधलं होतं. कधी दोन वेलदोडे, कधी चार खडीसाखरेचे दाणे, कधी नुसतं तुळशीचं पान.

पावसाळ्यात गिरगावात उतरणार असाल तर कपड्यांचा एक जोड जास्तीचा आणि एक जुना टॉवेल पिशवीत वर ठेवा. चाळीच्या जिन्यात चपला निसटतात, कठडा धरूनच चढा. आणि पणशीकरांकडचं पियूष घेतल्याशिवाय गिरगाव सोडू नका. पाऊस असो नाहीतर ऊन, जायफळाचा तो वास पोटापर्यंत जातो.

शुक्रवार

पहाटे नळाच्या आवाजाने जाग आली. मुंबईत पाणी ठरलेल्या वेळी येतं, आणि या चाळीत ती वेळ अजून अंधार असतानाची. बघते तर मधल्या खोलीतला एक तरुण मुलगा आत्याचं पिंप भरत होता. कळशी भरायची, उंबऱ्यावर पाय न आपटता आत यायचं, पिंपात अलगद ओतायची. पाणी पडताना आवाज होऊ नये म्हणून तो कळशीचं तोंड पिंपाच्या कडेला टेकवून धार भिंतीवरून सोडत होता. आत्या झोपली असेल, तिची झोपमोड होऊ नये, एवढ्यासाठी. पिंप भरल्यावर झाकण लावलं आणि मग स्वतःच्या बादल्या नळाला लावल्या.

आत्या झोपली नव्हती. अंथरुणावर बसून तिने हात जोडले होते. मला वाटलं काही जप चाललाय. म्हणाली, "नळ वाजला की मी हात जोडते. माझी काकड आरती हीच. देवळात जायला पाय नाहीत आता, पण तो पहाटे येतो की."

"कोण? तो मुलगा?"

"तूच बघ कोण ते," आत्या म्हणाली आणि वेणी घालायला लागली.

हॉस्पिटल ट्रस्टचं, गर्दी बक्कळ पण रांग शिस्तीची. ऑपरेशनला आत नेण्याआधी अंगावरचे दागिने काढायला सांगतात. आत्याकडे दागिना असा नाहीच. गळ्यात तुळशीची माळ मात्र आहे, पंढरपुरात घातलेली, तेव्हापासून एकदाही न उतरलेली. ती म्हणाली, माळ काढणार नाही, डोळा नाही झाला तरी चालेल. मी समजावून बघितलं. तिचा हात माळेवरून हलेना.

तेवढ्यात सिस्टर आल्या. केरळच्या, वय पन्नाशीचं, गळ्यात बारीक साखळी आणि तिला छोटा क्रूस. त्यांनी वाद घातला नाही. स्टुलावर बसल्या, गॉजची लांब पट्टी घेतली आणि आत्याच्या गळ्यातच, एकेक मणी झाकत, माळेभोवती गुंडाळायला लागल्या. मागून पुढे, पुढून मागे. मणी मानेला टोचू नये म्हणून गाठीपाशी दुहेरी पट्टी दिली. मग चिकटपट्टीने ती माळ खांद्याशी अशी बसवली की डॉक्टरांच्या हाताआड येणार नाही. हे सगळं करताना त्यांच्यामागे चार पेशंट थांबले होते, पण त्यांच्या बोटांना घाई नव्हती. शेवटी हिंदीत म्हणाल्या, "अम्मा, माला अंदर आयेगी आपके साथ." आत्याने त्यांचा हात धरला तो थेट ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत.

बाहेरच्या बाकावर बसून मी पहिल्यांदा अंगणातल्या पंगतीचा विचार सोडला.

कोणाला उपयोग होईल म्हणून सांगते: ऑपरेशन फार वेळ चालत नाही. थेंब घालून किंवा इंजेक्शन देऊन डोळा बधिर करतात, आणि बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. खरं काम नंतरचं. थेंब वेळच्या वेळी घालणं, डोळ्यात पाणी आणि धूळ जाऊ न देणं, वाकून काही न उचलणं. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला लावा, आणि थेंब घालण्याआधी दर वेळी साबणाने हात धुवा. म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडू नका, कारण सवयीने ती चेहऱ्यावर पाण्याचा हबका मारायला जातात.

शनिवार

पट्टी काढली. डॉक्टरांनी दोन बोटं दाखवली, आत्याने बरोबर सांगितली, ते हसले.

घरी आल्यावर तिने दारात थांबून खोली बघितली. मला वाटलं, आता विठ्ठलाच्या तसबिरीला हात जोडेल. ती म्हणाली, "अगं बाई, किती धूळ साठली आहे काचेवर! असा ठेवला होता मी देवाला?" तिला वाकायची, पुसायची मनाई, म्हणून मी पुसत होते आणि ती मागून कोपरे दाखवत होती. मग भिंत बघितली, कॅलेंडर बघितलं, स्वतःची साडी बघितली आणि विचारलं, "ही निळी आहे? मी तर राखाडी समजून नेसत होते." मोतीबिंदू गेला की निळा आणि पांढरा रंग एकदम उजळ दिसतात म्हणे. दुपारभर ती गॅलरीत काळा चष्मा लावून बसली आणि समोरच्या चाळीच्या दोरीवरचे कपडे बघत राहिली.

बेन ताट घेऊन आल्या तेव्हा आत्याने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघून म्हणाली, "तुमचे केस पिकले की हो. मला कोणी सांगितलंच नाही." दोघी हसल्या आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग मीच ओरडले, डोळ्यात पाणी नको म्हणून.

रविवार

आज पालखी फलटणला. विठ्ठलाच्या तसबिरीला ताजी तुळस हवी होती म्हणून पहाटेच्या लोकलने दादरला गेले. दादरचा फुलबाजार अंधारात बघावा. पिवळ्या दिव्यांखाली झेंडू, शेवंती, अष्टर, निशिगंधाचे ढीग, डोक्यावर हारे घेऊन धावणारे हमाल, पायाखाली चिखल आणि पाकळ्या, आणि वरून पाऊस. मोठे व्यापारी आत असतात. पानं, दूर्वा, बेल आणि तुळस घेऊन बसणाऱ्या बायका बाहेर फुटपाथवर. वसई-पालघर भागातून पहिल्या गाड्यांनी येतात या.

अशाच एका मावशींपुढे बसले. डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पुढ्यात ओल्या गोणपाटावर तुळशीच्या जुड्या. भाव केला नाही, आज मनच होईना. मी नोट दिली. त्यांनी ती आधी तुळशीला टेकवली, मग कपाळाला. "भवानी तुमच्या हातची," म्हणाल्या. मी सांगितलं, तुळस विठ्ठलाला हवी आहे, आमच्या गावात आज पालखी आहे. त्यांनी हात थांबवला. ढिगातली वरची जुडी बाजूला केली, खालून एक कवळी, मंजिऱ्यांनी भरलेली काढली, पाणी शिंपडून झटकली आणि माझ्या पिशवीत घातली. "ही माझी. हिचे पैसे नकोत. तुमच्या इठोबाला घाला."

त्या बाईला पंढरपूर बघायला कधी मिळालं असेल का, हे मी विचारलं नाही. तिच्या जुडीला विठ्ठलाच्या तसबिरीत मधली जागा दिली.

आषाढी जवळ आली की दादरला तुळशीचे भाव चढतात, तेव्हा घ्यायची असेल तर उजाडण्याआधी पोचा. तिथून पश्चिमेलाच मामा काण्यांकडे गरम बटाटावडा खाता येतो. चर्नी रोडला सगळ्या जलद गाड्या थांबत नाहीत, परतताना धीमीच बघून चढा.

दुपारी सूनबाईचा व्हिडिओ कॉल आला. अंगण, मांडव, भाकऱ्यांची चवड, टाळांचा आवाज, मधेच कोणाचं तरी पागोटं. आत्याने फोन हातात घेतला आणि नव्या डोळ्याने बघत बसली. कोणाच्या कपाळावरचा बुक्का दिसतोय, पताकेचा भगवा कसा आहे, सगळं मला सांगत होती, जणू फोन मला दिसतच नाही. दिंडीतल्या परभणीकडच्या एक आजी दर वर्षी आमच्याकडे जेवतात. त्यांनी सूनबाईच्या हातातून फोन घेतला.

"माऊली, तुमी दिसना कुटं?"

"मुंबईला आलेय, आजी. आत्याचा डोळा केलाय. चुकली या वर्षी तुमची सेवा."

"चुकली कशी? तितली माऊली तुमी सांभाळा. हितली सून सांभाळती." आणि फोन देऊन टाकला, कारण पंगतीत वाढायला आले होते.

सोमवार

सकाळी चाळीत डबेवाले आले. गळ्यात माळ, डोक्यावर पांढरी टोपी, पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली. आत्याच्या खालच्या मजल्यावरून डबा उचलतात. १८९० पासून मुंबईत ही सेवा चालू आहे, आणि बहुतेक माणसं मावळ-मुळशी-राजगुरुनगरकडची, वारकरी घरांतली. "राम राम माऊली," मी म्हणाले, तर त्यांनी डबा खाली ठेवून हात जोडले. फलटणची म्हटल्यावर पाऊस विसरून गप्पा मारायला लागले. वारीला का नाही गेलात, असं विचारलं तर डब्याच्या झाकणावरच्या रंगीत खुणेवर बोट ठेवून म्हणाले, "हा साहेब साखरेचा पेशंट आहे. बाहेरचं खाल्लं की त्याला त्रास होतो. आम्ही एकादशीला जाऊ की रात्रीच्या गाडीने. तोवर हा उपाशी कशाला?" त्या साहेबांना त्यांनी कधी बघितलं आहे का? नाही. डबा ऑफिसात पोचवणारा दुसरा. हे फक्त खूण ओळखतात.

दुपारी दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळेत गेले. आमच्या आळीतले एक काका घशाच्या आजारासाठी परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेत आहेत. टाटा १९४१ पासूनचं, देशभरातून रोगी येतात, आणि उपचार महिनोन्महिने चालतात. राहायचं कुठे, हा आजाराइतकाच मोठा प्रश्न. त्या माणसांना या धर्मशाळेत आसरा मिळतो.

आत शिरताच भिंतीवर बाबांचा फोटो. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात येत, आधी रस्ते झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. पंढरपूर, आळंदी, नाशिक, जिथे यात्रा भरते तिथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, रोग्याला औषध, हाच त्यांचा देवधर्म.

काका झोपले होते. काकू बाहेर खिडकीपाशी खाली बसल्या होत्या, मांडीवर जुनी इरकली साडी, शेजारी कात्री. मी नाचणीचं सत्त्व पुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, "ते राहू दे, आधी सुईत दोरा ओव. मला दिसत नाही."

त्या टोप्या शिवत होत्या. केमोने केस गेलेल्या लहान मुलांसाठी. दुकानातल्या टोप्या मुलं डोक्यावर ठेवत नाहीत. "नवं कापड टोचतं गं. केस गेले की कातडी कवळी होते, पापण्यांसारखी. जुनेरच पाहिजे. धुऊन धुऊन मऊ झालेलं." पहिली साडी त्यांनी स्वतःची फाडली. मग इथल्या बायका आपापली जुनेरं आणून द्यायला लागल्या. कोणी बंगाली, कोणी बिहारी, कोणी जळगावकडची. शिवण हाताचीच, टाके बाहेरच्या बाजूला, म्हणजे आतून गाठ लागत नाही.

माझ्यासमोर झारखंडची एक बाई मुलाला घेऊन आली. सहा-सात वर्षांचा असेल, तोंडावर मास्क, डोळे टपोरे. काकूंना हिंदी जेमतेम येतं, त्या बाईला मराठी मुळीच नाही. काकूंनी त्याच्या डोक्याभोवती दोरा फिरवून माप घेतलं, दोऱ्याला दाताने गाठ मारली. मग साडीची घडी त्याच्यापुढे उलगडली आणि भुवया उंचावून विचारलं, कुठलं? त्याने काठावर बोट ठेवलं. लाल-पिवळा काठ. काकूंनी काठ कापला, टोपीच्या पुढच्या बाजूला, बरोबर कपाळावर येईल असा जोडला. तासभर लागला. त्याने टोपी घातली आणि काचेच्या दारात स्वतःला बघून आपल्या भाषेत काहीतरी बोलला. काय ते आम्हाला कळलं नाही, पण त्याची आई इतकी हसली की काका उठून बाहेर आले.

निघण्याआधी मी सगळ्या सुया मागून घेतल्या. प्रत्येकीत लांब दोरा ओवला, पांढरा, लाल, हिरवा, आणि एका चिंधीत ओळीने खोचून ठेवल्या, म्हणजे काकूंना पुढचे दिवस कोणाची वाट बघायला नको.

परतताना दादरच्या पुलावर गर्दीत उभी राहून मला ते स्वच्छ दिसलं. अनोळखी माणसाला माऊली म्हणायला आम्हाला पालखी यावी लागते, टाळ वाजावे लागतात, पताका दिसावी लागते. इथे माणसं ते रोज करतात आणि त्याला काही म्हणत नाहीत. जनाबाईला दळताना, सावता माळ्यांना मळ्यात देव भेटला, हे मी लहानपणापासून कीर्तनात ऐकते. ऐकून मान डोलावते. पण देव कामात भेटतो म्हणजे कामाच्या नेमक्या कुठल्या जागी भेटतो? कळशीचं तोंड पिंपाला टेकतं तिथे. टाका बाहेरच्या बाजूला पडतो तिथे. काम तसंही झालं असतं. पिंप आवाज करत भरलं असतं, टोपी आतून शिवली असती. समोरच्याला टोचू नये म्हणून हात जो जरासा वळतो, तिथे मला तो दिसला.

धर्मशाळेत काही न्यायचं असेल तर आधी विचारून न्या. फळं आणि मिठाई सगळेच नेतात. धुतलेली मऊ सुती जुनेरं, सुयांची पाकिटं, साधे दोरे कोणी नेत नाही. पथ्याचं अन्न मात्र रोग्याच्या माणसाला विचारल्याशिवाय देऊच नका. आणि आत गेल्यावर फोटो काढू नका.

मंगळवार

आत्या म्हणाली, "पंढरपूर हुकलं तर वडाळ्याला जाऊन ये. माझाही नमस्कार सांग." बेन तिच्यापाशी बसल्या आणि मी हार्बर लाइनची गाडी धरली. मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी आणि मग वडाळा. संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या बेताला बायकांच्या डब्यात चढले. तिघींच्या बाकावर चौथी बसते, हा इथला नियमच. मी नुसती उभी होते, तर बसलेल्या तिघी काही न बोलता सरकल्या. समोरची पनवेलपर्यंत जाणारी बाई मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होती. शेजारणीने विचारलं नाही, अर्धी जुडी उचलून निवडायला घेतली. दोन स्टेशनांनी ती उतरली, तिच्या जागी तिसरी बसली, आणि तिनेही मेथी हातात घेतली. माझ्याही वाट्याला चार काड्या आल्या. घरी पोचून ती बाई नुसती फोडणी टाकणार.

वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराला मुंबईकर प्रतिपंढरपूर म्हणतात. आषाढीला इथे दिंड्या येतात, रांगा दूरवर जातात. मी गेले तेव्हा देवळात मोजकी माणसं होती. आत्याचा नमस्कार सांगितला, विठ्ठलाकडे पोटभर बघितलं. बाहेर एकादशीच्या रांगेसाठी बांबूचे कठडे बांधणं चालू होतं. एक कारागीर, दाढी पांढरी, डोक्यावर जाळीची टोपी, सुंभाने गाठी मारत होता. प्रत्येक बांबूचं कापलेलं टोक तो गोणपाटाच्या तुकड्याने गुंडाळत होता. पण सगळी टोकं नाही. वरची तशीच सोडत होता. कंबरेच्या उंचीची तेवढी बांधत होता. मी विचारलं, हीच का? त्याने हाताने माझ्या कंबरेएवढी उंची दाखवली. "बच्चे लोग का आँख इधर आता है."

मी परत आत गेले आणि पुन्हा एकदा नमस्कार केला. हा त्याच्या वतीने.

वडाळ्याला निवांत दर्शन हवं असेल तर आषाढीच्या आठ-दहा दिवस आधी, कामाच्या दिवशी जा. प्रत्यक्ष एकादशीला जायचं तर म्हाताऱ्यांसाठी पाण्याची बाटली आणि घडीचं स्टूल बरोबर ठेवा. हार्बरला संध्याकाळी बसायला जागा हवी असेल तर सीएसएमटीवरूनच चढा.

बुधवार

निघण्याआधी डोळा दाखवायला हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर समाधानी. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या महिन्यात ठरलं. सिस्टर भेटल्या, त्यांनी पहिलं काय विचारलं असेल तर माळ. आत्याने गळ्यातून पुढे ओढून दाखवली. आत्याने त्यांना विचारलं, ड्युटी संपली की घरी जाता का लगेच? तर म्हणाल्या, बुधवारी नाही. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे त्यांची खास प्रार्थना, असते. ऑपरेशनला जाणाऱ्या सगळ्या पेशंटची नावं त्या तिथे घेतात. "आपका भी लिया था, अम्मा. शुक्रवार के पहले."

तेव्हा, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, त्या आत्याला ओळखतही नव्हत्या. नुसतं यादीतलं नाव.

टॅक्सीत बसल्या बसल्या आत्याने जाहीर केलं की दुसरा डोळा झाला आणि डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिल्या बुधवारी माहीमला जायचं, सिस्टरबरोबर. मी चौकशी करून ठेवली आहे. सेंट मायकेल चर्चमध्ये बुधवारी दिवसभर नोव्हेना होतात, सगळ्या धर्मांची माणसं येतात, मराठीतूनही प्रार्थना असते. माहीम स्टेशनपासून लांब नाही, पण बुधवारी त्या रस्त्यावर वाहनं मुंगीच्या पावलाने सरकतात, तेव्हा म्हाताऱ्या माणसाला घेऊन दुपारची वेळ बरी. बेनही येणार आहेत. पाणी भरणाऱ्या मुलाने, त्या दिवशी सुट्टी मिळाली तर आत्याला जिना उतरवून देईन, असं सांगितलं आहे.

घरी पोचल्यावर सूनबाईने आधी दिंडीचा सगळा हिशोब सांगितला. किती भाकऱ्या झाल्या, कोण नवीन आलं होतं, परभणीच्या आजींनी कुठली ओवी म्हटली. मग मी तिला हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, पुढच्या महिन्यात मीही आले तर चालेल का. तिच्याकडे दोन जुनी सुती पातळं आहेत, अगदी मऊ झालेली.